मर्मर बारीक झाली म्हणजे झडप सुधारली? अजिबात नाही

‘हृदयातला आवाज जितका मोठा, तितका आजार मोठा. आवाज बारीक झाला की झडप सुधारली, मग इको कशाला?’ हा मेसेज वाचून ओळखीतल्या एका आजोबांनी ठरलेली इको, म्हणजे ध्वनिलहरींनी होणारी हृदयाची तपासणी, रद्द केली. म्हणून हे लिहिणं भाग पडलं. ठोक्यांखेरीज ऐकू येणाऱ्या या आवाजालाच मर्मर म्हणतात.

सगळ्यात घातक आहे ते ‘आवाज बारीक झाला’ हेच. उतारवयात, हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या एओर्टिक झडपेवर कॅल्शियम साचतं आणि ती आखडते. निरोगी झडप 3 ते 4 चौरस सेंटीमीटर उघडते. 1 च्या खाली गेली की आजार गंभीर. त्या फटीतून रक्त जोरात घुसतं, त्याचा हा आवाज. पुढे हृदयाचा स्नायूच थकला की जोर ओसरतो आणि मर्मर दबते. फट तेवढीच, पंप मात्र खचलेला! म्हणून जाणता डॉक्टर नुसत्या मोठेपणावर जात नाही. छातीच्या हाडाच्या उजवीकडे, दुसऱ्या बरगडीखाली ऐकतो. आवाज मानेत चढतो का, त्याचा कळस उशिरा येतो का, ठोक्याच्या ‘लब-डब’मधला दुसरा ध्वनी मंद किंवा गायब आहे का, हे पाहतो. हृदयतज्ज्ञ रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी 1968 मध्ये मांडलेला हिशेब आजही शिकवतात: शस्त्रक्रिया झाली नाही तर छातीत दुखू लागल्यापासून सरासरी आयुष्य 5 वर्षं, शुद्ध हरपू लागल्यापासून 3, हृदय निकामी होऊ लागल्यापासून 2. इको टाळायची ती कशाच्या भरवशावर?

उलट, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीकसं छिद्र असेल तर आवाज दणदणीत येतो, त्रास मात्र बहुधा नसतो.

मेसेजमध्ये पुढे म्हटलंय, ‘मुलांची मर्मर निरुपद्रवी असते.’ बहुतेकदा असते, हे मान्य करावं लागेल. उभं केल्यावर ती सहसा मंदावते. पण उभं राहिल्यावर वाढणारी मर्मर हृदयाचा स्नायू जाड झाल्याची खूण असू शकते. आणि हृदय सैलावताना, म्हणजे दुसऱ्या ध्वनीनंतर उमटणारी मर्मर कुठल्याही वयात तपासायलाच हवी.

‘फोन छातीला लावून घरीच ऐका.’ हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप आखडल्याची घरघर ऐकायला रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडायला लावून, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकापाशी अलगद टेकवावी लागते. जरा जास्त दाबली तरी ती हरवते.

‘गोळ्यांनी कॅल्शियम विरघळतं.’ तशी गोळी नाही. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिननंही झडपेचं आखडणं थांबलं नाही. झडप बदलावी लागते, छाती उघडून किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून. कधी आणि कशी, हे ठरवायला आधी तीच रद्द केलेली इको लागते.