दोन शिट्ट्या आणि एक लांब बीप

गौरी-गणपती करून देवगडहून परत आलो, गोरेगावच्या घराचं कुलूप काढलं आणि आधी नाकात शिरला तो बुरशीचा वास. दहा दिवस घर बंद, बाहेर सप्टेंबरचा चिकट पाऊस. माझ्या चामडी बेल्टला पांढरी लव आली होती. बायकोने मिठाची बरणी उलटी केली, तर मीठ जागचं हलेना. मी मेन स्विच चालू केला, बॅगा दारातच टाकल्या आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. मॉनिटर काळाच. आणि आतून कुणीतरी कळवळल्यासारखा आवाज आला, बीऽऽऽप.

एवढी घाई कसली, असं कुणी विचारेल. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद मी मागून घेतलेलं नाही. ज्या मीटिंगला मी गैरहजर होतो, त्या मीटिंगमध्ये ते मला मिळालं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते आणि नोटिशीला ताळेबंद जोडावा लागतो. तारीख ८ उजाडली होती. ताळेबंद कॉम्प्युटरमध्ये होता. कॉम्प्युटर बीप म्हणत होता.

हा कॉम्प्युटर आम्ही २०१० साली लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतला. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगाल तर तो तुम्हालाच पत्ता विचारेल. मदरबोर्ड एका दुकानातला, कॅबिनेट दुसऱ्या, पंखा जिन्याखालच्या तिसऱ्या. ग्रँट रोडहून स्लो लोकलने आणला तेव्हा मॉनिटर माझ्या मांडीवर होता आणि कॅबिनेट अनोळखी माणसाच्या मांडीवर. त्या माणसाने अंधेरीपर्यंत त्याला सांभाळलं आणि उतरताना ‘लकी निघू दे’ म्हणाला. आत विंडोज ७ आहे. त्याला अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला बंद झालं, पण ते त्याच्या गावीही नाही. दर खंडेनवमीला पूजा होते, त्यामुळे बटणावर हळद आणि सीडीच्या कप्प्यात झेंडूच्या दोन पाकळ्या कायमच्या आहेत. मुलगी लॅपटॉप घेऊन पुण्याला गेली तेव्हा म्हणाली होती, “बाबा, तो आता भंगारात द्या.” मी ऐकलं नाही. चालतंय ना, मग कशाला द्यायचं?

बातमी जिन्याने माझ्याआधी खाली पोचली. आमच्याकडे माणसं फ्लॅटच्या नंबरावरून ओळखली जातात. पहिले आले ३०२. आयुष्यभर वायरिंग केलेला माणूस. त्यांच्या मते मुंबईतले निम्मे आजार अर्थिंगमुळे होतात आणि उरलेले सोसायटीच्या कमिटीमुळे. त्यांनी सॉकेटमध्ये टेस्टर घातला, टेस्टर पेटला, आणि ते जरा हिरमुसले. मग १०४च्या वहिनी आल्या. “आमच्या भाच्याचं डिट्टो असंच झालं होतं हो,” म्हणाल्या. मी आशेने विचारलं, “मग?” “मग काय, गेलाच तो.” शेवटी चेअरमनसाहेब आले. दारातूनच, आयसीयूबाहेर बोलतात त्या आवाजात, त्यांनी विचारलं, “हिशेब आहेत ना पण?”

“आहेत, पण आत आहेत,” मी म्हणालो.

खरा माणूस निघाला ४०१चा मुलगा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षेमुळे घराबाहेर पडायला बंदी; म्हणून त्याने फोनवरून उपचार सुरू केले. “काका, बीप मोजा. किती, आणि लांब की छोटे.”

त्याने समजावलं ते मला पटलं. बटण दाबलं की कॉम्प्युटर विंडोजकडे जायच्या आधी स्वतःचीच तपासणी करतो : मेंदू आहे का, स्मरणशक्ती आहे का, चित्र दाखवायची सोय आहे का. त्यातच काही अडलं तर स्क्रीनवर लिहून सांगणार कसं? स्क्रीन अजून हातात आलेला नसतो. मग मदरबोर्डला जोडलेल्या चिमुकल्या स्पीकरमधून तो बीप देतो. कुठला बीप म्हणजे काय, हे बायोस (ही तपासणी करणारा, मदरबोर्डमध्येच भरलेला प्रोग्राम) कुठल्या कंपनीचं त्यावर ठरतं. थोडक्यात, आजारी माणूस बोलतो, पण कुठल्या गावच्या बोलीत ते आधी माहीत असावं लागतं.

मी वही-पेन घेऊन मोजायला बसलो. त्याच वेळी स्वयंपाकघरात बायकोने तुरीची डाळ लावली होती. मी एकेका आवाजाला उभी रेघ मारत होतो. आतून हाक आली, “अहो, किती झाल्या?”

“चार!” मी ओरडलो.

तिने गॅस बंद केला.

माझ्या त्या चारांत दोन शिट्ट्या कुकरच्या होत्या, एक लांब बीप होता आणि एक आवाज खाली रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचा होता. ४०१ला मी कळवलं, “दोन छोटे, एक लांब, एक सुरेल.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, असा कोड जगात नाही.” डाळ पानात आली तेव्हा तिचे दाणे मोजता येत होते. बायको काही बोलली नाही. न बोलण्याचे तिचेही वेगवेगळे कोड आहेत आणि ते मला पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून पुन्हा मोजलं. लांब बीप, थोडी उसंत, पुन्हा लांब बीप, आणि हे असंच चालू. आमचं बायोस ‘अवॉर्ड’. “रॅम आहे काका,” ४०१ म्हणाला. “काढा, पुसा, परत बसवा. घरात खोडरबर आहे ना?”

त्याआधी कॅबिनेट उघडावं लागलं. प्लग काढला, बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढले आणि पत्रा सरकवला. पंधरा वर्षांची गोरेगावची धूळ पंख्याच्या पात्यांवर बसून तिची करडी गोधडी झाली होती. तळाशी झुरळाची तीन अंडी, एक बटण (शर्टाचं), आणि मुलीचा हरवलेला कंपास ज्याच्यावरून २०१३ साली मी तिला बोललो होतो. कंपास एवढ्याशा फटीतून आत गेला कसा, हे मला अजून कळलेलं नाही. त्याचा फोटो काढून तिला पाठवला. तिने फक्त ‘सॉरी म्हणा’ एवढंच लिहिलं. म्हटलं.

आता खोडरबर. ज्या घरात मूल मोठं होऊन गेलंय त्या घरात खोडरबर नसतं. असलंच तर एकीकडेच असतं. बायको रोज दुपारी पेपरातलं सुडोकू पेन्सिलीने सोडवते. “परत मिळेल ना?” तिने विचारलं. “आणि काळं करू नका.” डाळीची आठवण ताजी होती, म्हणून मी दोन्ही अटी मान्य केल्या.

रॅम म्हणजे कॉम्प्युटरची स्मरणशक्ती, वीतभरापेक्षा लहान हिरवी पट्टी. खालच्या कडेला सोनेरी दात, एका बाजूला १२०, दुसऱ्या बाजूला १२०. दमट हवेत त्यांच्यावर न दिसणारा थर बसतो आणि मग दात आणि खाच यांचं पटत नाही. हाताला स्थिर वीज असू शकते म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, दोन्ही टोकांच्या पांढऱ्या कड्या दाबल्या आणि पट्टी वर आली. खोडरबराने एकाच दिशेने, हलक्या हाताने घासली. खोडरबराच्या पांढऱ्या अंगावर राखाडी रेघ उमटली. (हीच ती ‘काळं करू नका’मधली.) कचरा फुंकायचा नाही, तोंडातली वाफ जाते, म्हणून दाढीच्या जुन्या ब्रशने झाडला. पट्टीला मध्यापासून जरा बाजूला एक खाच असते, त्यामुळे उलटी बसत नाही. तरीही मी एकदा उलटी बसवून पाहिली. मग सुलटी, दोन्ही अंगठ्यांनी, कट् असा आवाज येईपर्यंत. दोन पट्ट्यांचे मिळून चार कट्.

बटण दाबलं. एकच छोटा बीप. स्क्रीनवर अक्षरं आली आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणालो तर ते धुळीनेही आलं असेल.

‘सीमॉस चेकसम एरर. डिफॉल्ट्स लोडेड.’ आणि पुढे जायचं तर एफ वन दाबा. तारीख दाखवत होता १ जानेवारी २०१०. म्हणजे स्मरणशक्ती परत आली होती, पण पंधरा वर्षं मागची.

“सेल संपलाय,” ४०१ म्हणाला. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो; वीज नसताना तारीख आणि सेटिंग तो लक्षात ठेवतो. तो बहुधा कधीचाच मेला होता. पण आम्ही प्लगचं बटण कधी बंद करत नसू, त्यामुळे भिंतीतल्या विजेवर सगळं निभावत होतं. गावी जाताना मीच शहाण्यासारखा मेन स्विच खाली केला आणि त्याला सगळ्याचा विसर पडला.

सेलचं नाव सीआर २०३२. हे २०३२ म्हणजे साल नव्हे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. व्होल्ट तीन. इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने पेन्सिल सेल पुढे केला, मोबाइलवाल्याने चार्जर. शेवटी स्टेशनबाहेर खोक्यात बसणाऱ्या घड्याळवाल्याने भिंग न काढताच विचारलं, “कॉम्प्युटरचा का?” साठ रुपये. बिल मागितलं तेव्हा त्याने भिंग काढून माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळाच्या पट्ट्याच्या पुठ्ठ्यामागे ‘सेल ६०/-’ लिहून सही केली.

नवा सेल, अधिकचं चिन्ह वर. तारीख भरली, सेव्ह केलं. आता विंडोजचा झेंडा फडफडणार म्हणून मी बायकोलाही बोलावलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ आली, ‘रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया. प्रेस एनी की टू रिस्टार्ट.’

मी एनी की दाबली. तीच ओळ. दुसरी एनी की दाबली. एकेक करून सगळ्या दाबल्या, शेवटी ती पतंगासारखं चित्र असलेलीही. बायकोने चष्मा लावून ओळ वाचली आणि म्हणाली, “तो सांगतोय की काहीतरी काढा. तुम्ही दाबत काय बसलाय?”

सीडीचा कप्पा उघडला. दोन पाकळ्या, बाकी रिकामा. मग फोनचा टॉर्च लावून मी टेबलाखाली उताणा झालो आणि कॅबिनेटच्या पाठीमागे, जिथे गेल्या खंडेनवमीपासून कुणाचा हात पोचला नव्हता असं मला वाटत होतं, तिथे बोटांना काहीतरी लागलं. पेनड्राइव्ह. लाल. पांढऱ्या चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात : ‘सोसा. हिशेब, संपूर्ण बॅकअप’.

गावी निघायच्या आदल्या रात्री, पावसाळ्याचे दिवस, न जाणो, म्हणून मी तो काढून ठेवला होता. म्हणजे काढला नव्हता, तेवढंच राहिलं होतं. सेल मेल्यावर ‘डिफॉल्ट्स लोडेड’ झाले, आणि आमच्या बोर्डाची मूळ सवय अशी की आधी पेनड्राइव्हकडे जायचं, मग हार्ड डिस्ककडे. पेनड्राइव्हवर विंडोज नव्हतं. होते फक्त हिशेब.

तो उपटल्याबरोबर झेंडा फडफडला.

४०१ला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, पण मग पहिल्याच दिवशी तो माझ्या लॅपटॉपला लावून...”

“अभ्यास कर,” म्हटलं आणि फोन ठेवला.

नोटीस १५ तारखेच्या दुपारी वाटली. सभा ३० ला झाली, गच्चीवर, छताखाली. लिफ्टच्या सव्वाचार लाखांच्या खर्चाला चार मिनिटांत मंजुरी मिळाली. मग ३०२ उभे राहिले. ‘किरकोळ : सेल, रु. ६०’ ही नोंद त्यांनी मोठ्याने वाचली. बिल कुठे? मी पुठ्ठा दाखवला. कॉम्प्युटर सेक्रेटरीचा, मग सेल सोसायटीचा कसा? चेअरमनसाहेब म्हणाले, हिशेब सोसायटीचे आहेत. १०४च्या वहिनींनी भाच्याचं सांगितलं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा ३०२ने शेवटचा प्रश्न टाकला, “जुना सेल डेड स्टॉक रजिस्टरमध्ये दाखवलाय का?”

मी खिसे चाचपत होतो. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, “आणि माझं खोडरबर?”