दुसरी लाइन

नेट गेलं की ऑफिसातल्या प्रत्येकाला त्यातलं कळायला लागतं. एरवी प्रिंटरमध्ये कागद कुठून घालायचा हे न सांगता येणारी माणसं ‘डीएनएस असेल’ म्हणून गंभीरपणे मान हलवतात. (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी नेटची डिरेक्टरी.) एक जण राऊटर बंद करून चालू करतो. तो धडपडत उठतोय तोवर दुसरा येतो आणि पहिल्यानं काही केलंच नसणार या खात्रीनं तो पुन्हा बंद करतो. आमचे अकाउंटंट काका तेवढे जागचे हलत नाहीत. “गेलं?” एवढंच विचारून ते चष्मा पुसायला घेतात.

आमचं दुसऱ्यांचे हिशेब लिहून देणारं छोटं ऑफिस. सगळं क्लाउडवर. तिथं जायची वाट म्हणजे एक बारीक पिवळी वायर, आणि ती ज्या डब्यात शिरते त्यावरचा एलओएस नावाचा लाइट. एरवी तो दिसतही नाही. फायबरमधून येणारा उजेड थांबला की लाल होऊन मिचमिचायला लागतो. कस्टमर केअरवाल्याला मी हे सांगितलं.

“मॅडम, राऊटर एकदा बंद करून चालू करा.”

“लाल लाइट लागलाय. म्हणजे वायरच तुटलीय ना?”

“बरोबर मॅडम. तरी एकदा बंद करून चालू करा.”

सेवा ९९.९ टक्के चालू राहील, असं प्लॅनच्या कागदावर छापलेलं होतं. काकांनी लगेच कॅल्क्युलेटर ओढला. वर्षाचे ८,७६० तास, त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. “फार नाहीत,” काका म्हणाले, “फक्त ते सगळे शेवटच्या तारखेला संध्याकाळी येतात.”

मग दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यायचं ठरलं. काकांचं गणित तयारच होतं : प्रत्येक लाइन अगदी ९९ टक्केच चालली, तरी दोन्ही एकदम बंद असायची वेळ वर्षाला तासाभराच्या आतच. अट एकच, एकीच्या जाण्याचा दुसरीशी काही संबंध नको.

दुसऱ्या कंपनीचा मुलगा शिडी घेऊन आला, बाहेरच्या खांबावर चढला आणि वरूनच आनंदानं ओरडला, “मॅडम, यांची वायर आधीच इथून गेलीय. बरं झालं!” खिशातून प्लास्टिकची पट्टी काढून त्यानं नवी वायर जुन्या वायरीला करकचून बांधली आणि पट्टीचं उरलेलं टोक नीट कापलंसुद्धा. काम सुबक होतं यात वाद नाही.

संदेशाचे तुकडे करून जाळ्यातून सोडावेत आणि एक वाट तुटली तर त्यांनी दुसरी शोधावी, ही कल्पना पॉल बॅरन या अमेरिकी इंजिनिअरनं १९६०च्या दशकातच मांडली होती. जगभर आज तसंच चालतं. आमच्या तुकड्यांना मात्र शेवटी त्याच खांबावरून उतरायचं असतं. अर्थात खांब नसला तरी भरवसा नाहीच. जॉर्जियात २०११ साली तांब्याच्या शोधात जमीन खणताना एका ७५ वर्षांच्या आजीबाईंनी केबल तोडली आणि शेजारचा जवळपास अख्खा आर्मेनिया काही तास नेटविना बसला. आमच्या बाहेरचा रस्ता तर वर्षभर कुणी ना कुणी खणतच असतं.

दुसरी लाइन परत केली आणि त्याऐवजी सिमकार्ड घालायचा राऊटर आणला. त्याला रेंज फक्त खिडकीत, आणि खिडकीत काकांचं टेबल. आता तो काकांच्या पेनस्टँडशेजारी दोन अँटेना वर करून बसतो. काका त्याला ‘हा’ म्हणतात.

दोन लाइन आल्या की तिसरी वस्तू लागते : पहिली गेली हे ओळखून दुसरीवर उडी मारणारा राऊटर. ही उडी म्हणजेच फेलओव्हर. खरा छळ इथून सुरू झाला. लाइन मेली तर राऊटरला कळतं. पण लाइन मरत नाही हो, ती आजारी पडते! आमचा राऊटर दर काही सेकंदांनी कंपनीच्या पहिल्याच यंत्राला ‘आहेस का?’ विचारायचा. ते यंत्र बिचारं जागं असायचं, ‘आहे’ म्हणायचं. त्याच्या पुढचं सगळं झोपलेलं. ऑफिसात एक पान उघडत नाही आणि राऊटरवर हिरवागार लाइट. शेवटी त्याला लांबचे दोन-तीन पत्ते दिले आणि तिथून उत्तर आलं तरच लाइन जिवंत समज, असं बजावलं.

मग तो अतिहळवा झाला. एक उत्तर चुकलं की सिमवर, मिळालं की फायबरवर, पुन्हा सिमवर. निघतो निघतो म्हणत तासभर दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखं. दर उडीला बाहेर दिसणारा आमचा आयपी पत्ता बदलायचा आणि बँकेची साइट दचकून सगळ्यांना लॉगआऊट करायची. काकांना एका दुपारी इतके ओटीपी आले की त्यांनी फोन ड्रॉवरमध्ये कोंडला. लागोपाठ बरीच उत्तरं चुकल्याशिवाय जायचं नाही, आणि फायबर चांगली काही मिनिटं टिकल्याशिवाय परतायचं नाही, हे सेटिंग सापडलं तेव्हा कुठे शांतता झाली.

बारीकसारीक तर विचारूच नका. सिमवर उडी मारल्यावरही आमचे कॉम्प्युटर पहिल्या कंपनीच्याच डीएनएसला पत्ते विचारत होते, आणि ती बाहेरच्या कुणाला दाद देत नव्हती. (म्हणजे ‘डीएनएस असेल’ म्हणणारे या वेळी बरोबर होते. ते अजून ऐकवतात.) सिमवर असताना घरून ऑफिसचा कॅमेरा दिसत नाही, कारण मोबाइल कंपनी असंख्य लोकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आणि बाहेरून आलेल्याला आत कुणाकडे धाडायचं हे तिला कळत नाही. राऊटर यूपीएसवर होता, फायबरचा डबा मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर, तोही कुणी मोबाइल चार्जिंगला लावायला काढला नसेल तर.

अखेर सगळ्यांसमोर मी पिवळी वायर उपसली. कॉलवर बोलणाऱ्या मुलीचा आवाज तुटला, सगळ्यांनी श्वास रोखला आणि थोड्या वेळानं तीच म्हणाली, “हो, ऐकू येतंय आता.” टाळ्या पडल्या.

त्यानंतर नेट गेलंच नाही. म्हणजे तसं आम्हाला वाटत होतं. मग एके सकाळी सगळं रखडलं. सिमचा डेटा संपला होता. फायबर केव्हाचंच बंद पडलेलं, फेलओव्हर इतका बेमालूम झाला की कुणाला पत्ताच नाही, आणि त्या काळात ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सिमवरून गपगुमान अपडेट होत होते. तक्रार कशी करणार? आमच्या लेखी नेट चालूच होतं ना! आता सिमवर अपडेट बंद आहेत, आणि लाइन बदलली की राऊटर मेल पाठवतो.

परवा बाहेर पुन्हा खणलं. या वेळी फायबर गेलं आणि मोबाइलची रेंजही गेली, कारण जवळच्या टॉवरला येणारी केबलही त्याच खड्ड्यात होती. संध्याकाळी दोन्ही परत आले आणि पाठोपाठ राऊटरचा मेल आला : ‘दोन्ही लाइन बंद आहेत.’ काकांनी तो मोठ्यानं वाचला, चष्मा लावला आणि उत्तर टाइप करायला घेतलं. ‘हा’ला उत्तर देता येत नाही हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.