पाठपोट प्रिंट झटपट हवीय? मग हे करा

ऑफिसातलं मशीन पाठपोट प्रिंट काढताना रखडतं, अशी तुमची तक्रार आहे ना? मग आधी मॅन्युअल कपाटात टाकून कुलूप लावा. किल्ली बदली होऊन गेलेल्या क्लार्ककडे असेल तर उत्तमच.

आता कागद. रिम फोडायची आणि खिडकीत ठेवायची, तीही भर श्रावणात. गंगापूर धरणातून पाणी सुटल्याच्या बातम्या येत असताना कागदानेच कोरडं का राहावं? पहिली बाजू छापताना फ्यूजरच्या, म्हणजे शाईची पूड वितळवून कागदावर पक्की करणाऱ्या भागाच्या, उष्णतेने ही ओल उडते, कागद वळतो आणि दुसऱ्या फेरीत हमखास अडकतो. मग झाकण उघडून, अडकलेला कागद सोडवणारी हिरवी कडी तेवढी वगळून बाकी सगळं ओढून बघा.

मोठ्या मशीनमध्ये ए-४ कागद आडवा लावला की लांब बाजू आधी आत जाते. रोलरला २९७ ऐवजी २१० मिलिमीटरच कागद ओढावा लागतो, वेग वाढतो. पण त्यासाठी वाकून ट्रेची पट्टी सरकवावी लागते. शिवाय आपला ट्रे ‘पहिल्यापासून असाच’ आहे. राहू द्या.

खरी गंमत पुढेच. एक बाजू छापली की मशीन कागद अर्धा बाहेर काढतं, क्षणभर थांबतं, रोलर उलटे फिरवतं आणि तोच कागद परत आत घेतं. तो अर्धा दिसला रे दिसला की चपळाईने खेचा! निम्म्या ऑफिसला हे शिकवावंही लागत नाही. त्यात चांगलं मशीन एक कागद उलटवता उलटवताच दुसरा आत घेतं. लांबलचक फाइल एकदम दिली, तर पाठपोटचा वेग एकेरीच्या जवळपास जातो. असले लाड नकोत. सिंहस्थाच्या बैठकीची टिपणी दोन-दोन पानांनी पाठवा, मधूनमधून चहाला जा.

तरीही काम अडलंच, तर आमच्या हेडक्लार्कांचा तोडगा आहे: नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा दोन्ही बाजूंनी छापतात, तिथलं कुणी ओळखीचं निघतंय का बघा. सर्व्हिसवाल्याला मात्र बोलावू नका. तो ओल्या फडक्याने रोलर पुसेल, मशीन सुरू होईल आणि तक्रारीचं पत्र वाया जाईल.

सगळं पार पडून पाठपोट गठ्ठा निघालाच, तर साहेबांपुढे ठेवा. ते वरची बाजू वाचतील आणि विचारतील, “अहो, सम आकड्यांची पानं कुठं गेली?” वाद घालू नका. एकेरी काढून द्या.