आघाडी राखायलाही चेंडू टाकावाच लागतो

बेसबॉलमध्ये पुढे असलेल्या संघाला वेळ काढता येत नाही. हा खेळ तुला एवढा का आवडतो, असं कुणी विचारलं की माझं पहिलं उत्तर हेच असतं. आपण कबड्डी पाहत वाढलेली माणसं. दोन मिनिटं उरली आहेत आणि आपला संघ चार गुणांनी पुढे आहे, अशा वेळी चढाईला गेलेला गडी काय करतो ते आपल्याला ठाऊक असतं. निदानरेषा ओलांडायची, इकडून तिकडे हलत राहायचं, तीस सेकंद संपवून परत यायचं. नियमात बसतं, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. फुटबॉलवाले चेंडू कोपऱ्यात नेऊन दाबून ठेवतात. वनडेत शेवटच्या षटकात चाळीस धावा हव्या असतील, तर उरलेले चेंडू फक्त टाकायचे म्हणून टाकले जातात.

बेसबॉलमध्ये ही सोय नाही. नऊ डाव, दर डावात तीन आउट, म्हणजे समोरच्या संघाचे सत्तावीस आउट तुम्ही मिळवायचेच. सव्वीस झालेत, तुम्ही दहा धावांनी पुढे आहात, तरी सत्ताविसाव्या आउटसाठी पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, तो बॅटरच्या टप्प्यात टाकावाच लागतो. टप्प्यातला चेंडू बॅटरने सोडला किंवा बॅट फिरवून हुकवला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की आउट. भीतीने बाहेर टाकत बसला, तर असे चार बॉल झाले की बॅटर आयता पहिल्या बेसवर, यालाच वॉक म्हणतात. तिथून पुढचे बेस फिरून घरी, म्हणजे होमप्लेटवर, परत आलं की एक धाव. २०२३ पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पिच क्लॉक आलं. पण ते घड्याळ पिचरला फक्त घाई करायला लावतं, सामना संपवत नाही. हरणाऱ्याला शेवटपर्यंत संधी द्यायलाच लागते, आणि ती जिंकणाऱ्याने स्वतःच्या हाताने द्यायची असते.

आता २७ ऑक्टोबर २०११. सेंट लुईसचं बुश स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. सेंट लुईस कार्डिनल्स आणि टेक्सास रेंजर्स. सातपैकी चार जिंकायचे असतात आणि रेंजर्स ३-२ ने पुढे होते. हा सामना खरं तर २६ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्हायचा होता. पावसाच्या अंदाजामुळे तो एक दिवस पुढे गेला. आमच्याकडे पाडव्याची ओवाळणी, जेवणं उरकून टीव्ही लावला होता. सामना संपला तेव्हा इथे अमेरिकेत रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि तिकडे पुण्यात भाऊबीजेची सकाळ झाली होती. आईचा फोन चालू होता आणि हा आरडाओरडा कसला चाललाय, हे तिला काही केल्या समजावून सांगता येईना.

पहिले सहा डाव चांगल्या बेसबॉलचे नव्हते, हे मी कार्डिनल्सची चाहती असूनही मान्य करते. दोन्हीकडून गलथान क्षेत्ररक्षण झालं. पाचव्या डावात कार्डिनल्सच्या डेव्हिड फ्रीझने तिसऱ्या बेसजवळ उंच उडालेला सोपा झेल सोडला आणि रेंजर्सला त्याची धाव मिळाली. सहाव्यात मॅट हॉलिडे तिसऱ्या बेसवर बेसावध सापडून आउट झाला, वर बोट दुखावून घेऊन बाहेर गेला. सातव्या डावात एड्रियन बेल्ट्रे आणि नेल्सन क्रूझ यांनी लागोपाठ होमरन, म्हणजे थेट भिंतीपलीकडे जाणारे फटके, मारले. रेंजर्स ७, कार्डिनल्स ४.

आठव्या डावात हॉलिडेच्या जागी आलेल्या अ‍ॅलन क्रेगने होमरन मारला. ७-५. त्याच डावात पुढे तिन्ही बेस भरले आणि तिथेच डाव संपला. असं होतं तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो, कारण संधी आली होती आणि गेली.

नवव्या डावात रेंजर्सने नेफ्ताली फेलिझला आणलं. तेवीस वर्षांचा, आदल्याच वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला, विलक्षण वेगाचा पिचर. पहिला बॅटर रायन थेरिओ आउट. मग अल्बर्ट पुहोल्सने डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला. लान्स बर्कमनने वॉक घेतला. क्रेग उभ्या उभ्या तिसऱ्या स्ट्राइकवर आउट. दोन आउट झाले, दोन बेसवर माणसं आणि बॅटिंगला झेल सोडणारा फ्रीझ. त्याच्यावर दोन स्ट्राइक झाले. रेंजर्सचे खेळाडू डगआउटच्या कठड्याला टेकून मैदानात धावत सुटायला तयार उभे होते.

फ्रीझने चेंडू उजव्या मैदानात खोलवर मारला. क्रूझ मागे मागे गेला, भिंतीजवळ उडी घेतली आणि चेंडू त्याला चकवून भिंतीवर आदळला. पुहोल्स घरी, बर्कमन घरी, फ्रीझ तिसऱ्या बेसवर. ७-७. नव्वद फुटांवर विजय होता, पण यादियर मोलिनाचा फटका थेट क्रूझच्या हातात गेला.

इथेच थांबून मला जरा भांडायचंय. या सामन्याची गोष्ट गेली कित्येक वर्षं 'फ्रीझचा चमत्कार' आणि 'क्रूझची चूक' या दोन तुकड्यांत सांगितली जाते. क्रूझ आणखी मागे उभा असायला हवा होता का? हो. दोन धावांची आघाडी, दोन आउट, अशा वेळी डोक्यावरून काही जाऊ द्यायचं नसतं. पण आपण त्याच क्रूझबद्दल बोलतोय, ज्याने काही दिवसांपूर्वी डेट्रॉइटविरुद्धच्या एका मालिकेत सहा होमरन मारून रेंजर्सला वर्ल्ड सिरीजमध्ये आणलं होतं, आणि ज्याने याच सामन्यात सातव्या डावात होमरन मारला होता. एका उडीवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. आणि फ्रीझचं म्हणाल, तर बर्कमनने त्याच्याआधी वॉक घेतला नसता, तर त्या ट्रिपलने एकच धाव आली असती. फेलिझसारखा पिचर समोर, वर्ल्ड सिरीज संपत आलेली, स्टेडियम उभं राहून ओरडतंय, आणि बॅट न फिरवता चार बॉल सोडायचे! वॉक कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या मते त्या डावातली ती सर्वांत मोठी बॅटिंग होती.

तरी दहावा डाव उरला होताच. रेंजर्सचा जॉश हॅमिल्टन त्या ऑक्टोबरभर मांडीच्या सांध्याच्या दुखापतीने हैराण होता. त्याचा त्या पोस्टसीझनमधला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांमधला, पहिला होमरन नेमका इथे आला, दोन धावांचा. ९-७. स्टेडियममध्ये जे काही झालं ते आवाज गेल्यासारखं नव्हतं, लोक खरोखर थकले होते. एकदा मरणाच्या दारातून परत आणलेला सामना पुन्हा तिथेच जाऊन उभा राहिला होता. मीही त्या क्षणी आशा सोडली.

रेंजर्सने एकेचाळीस वर्षांच्या डॅरेन ऑलिव्हरला बॉल दिला. डॅनियल डेस्काल्सोने सिंगल मारला, जॉन जेनेही. या दोघांची नावं आज कार्डिनल्सच्या चाहत्यांपलीकडे फारशी कुणाला आठवत नाहीत. पुढे पिचरची बॅटिंग होती आणि कार्डिनल्सचा मॅनेजर टोनी ला रुसाकडे बदली बॅटर उरलाच नव्हता, सगळे वापरून झाले होते. म्हणून त्याने काइल लोश या दुसऱ्या पिचरलाच पाठवलं. काम एकच, बंट. स्वतः आउट व्हायचं आणि दोघांना एकेक बेस पुढे सरकवायचं. लोशने ते केलं. वर्ल्ड सिरीज हरायला तीन आउट उरलेले असताना त्यातला एक स्वखुशीने देऊन टाकायचा, आणि तो देण्यासाठी ज्याचं कामच बॅटिंग नाही असा माणूस पाठवायचा! मला त्या सामन्यातलं कुठलंही दृश्य पुन्हा बघायला मिळणार असेल, तर मी हे मागेन.

रेंजर्सचा नवा पिचर स्कॉट फेल्डमन. थेरिओचा चेंडू जमिनीवरून गेला, तो आउट झाला, पण डेस्काल्सो घरी आला. ९-८, दोन आउट. पुहोल्सला रेंजर्सने मुद्दाम वॉक दिला. या निर्णयावरही पुष्कळ टीका झाली, कारण विजयाची धाव त्यांनी स्वतःहून बेसवर उभी केली. पण याच मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात पुहोल्सने त्यांना तीन होमरन मारले होते. त्याच्यापुढे चेंडू टाकायची हिंमत मी तरी कुणाकडून अपेक्षिली नसती. उरला बर्कमन. पस्तीस वर्षांचा. आदल्या वर्षी त्याचं काही खरं नाही असं बहुतेकांनी ठरवून टाकलं होतं, आणि कार्डिनल्सने त्याला एका वर्षाच्या करारावर घेतलं होतं. त्याच्यावरही दोन स्ट्राइक झाले. त्या रात्री दुसऱ्यांदा रेंजर्स विजेतेपदापासून एका स्ट्राइकवर आले. बर्कमनने चेंडू मधल्या मैदानात टाकला, जॉन जे घरी आला, ९-९.

अकराव्यात जेक वेस्टब्रुकने रेंजर्सला धाव घेऊ दिली नाही. मग डावाच्या सुरुवातीलाच फ्रीझ, समोर रेंजर्सचा मार्क लो, तीन बॉल, दोन स्ट्राइक. चेंडू मधल्या मैदानाच्या भिंतीपलीकडच्या हिरवळीवर जाऊन पडला. १०-९. आठव्या, नवव्या, दहाव्या आणि अकराव्या अशा चारही डावांत धावा करणारा संघ वर्ल्ड सिरीजच्या एका सामन्यात त्याआधी झाला नव्हता. होमप्लेटवर सहकाऱ्यांनी फ्रीझचा शर्ट फाडून काढला आणि तो फाटका शर्ट कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात गेला.

फ्रीझ सेंट लुईसजवळचाच. शाळेत असताना इतका चांगला खेळायचा की मिझुरी विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली होती. त्याने ती नाकारली आणि खेळ सोडून दिला, कंटाळा आला म्हणून. वर्षभर शाळांच्या देखभालीची कामं केली. मग परत यावंसं वाटलं, तेव्हा सुरुवात एका स्थानिक कम्युनिटी कॉलेजातून केली. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या नावावर २१ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या २१ धावा, लागल्या. एका पोस्टसीझनमधला तो विक्रम होता. २०२३ मध्ये चाहत्यांनी त्याला कार्डिनल्सच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी, निवडलं आणि त्याने तो मान नम्रपणे नाकारला. आपली कारकीर्द तेवढी मोठी नव्हती असं त्याचं म्हणणं. काही लोकांना ते अति वाटलं. मला आदर वाटला. त्या रात्री आपल्याआधी कोण कोण उभं राहिलं होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी कार्डिनल्सने सातवा सामना ६-२ ने जिंकला आणि अकरावं विजेतेपद घेतलं. पावसामुळे सहावा सामना एक दिवस पुढे गेला नसता, तर सातव्या सामन्यात कार्डिनल्सच्या ख्रिस कार्पेंटरला बहुधा पिचिंग करता आलं नसतं, त्या एका दिवसामुळेच त्याची विश्रांती जेमतेम पुरी झाली. ऑगस्टच्या अखेरीस हा संघ वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गटविजेते नसलेल्या संघांसाठी राखलेल्या जागेच्या, शर्यतीत अटलांटाच्या साडेदहा सामने मागे होता आणि शेवटच्या दिवशी आत आला होता. सहाव्या सामन्यात जे दिसलं ते हा संघ महिनाभर करतच होता.

रेंजर्सबद्दल लिहिल्याशिवाय मला ही पोस्ट संपवता येणार नाही. आदल्या वर्षीही ते वर्ल्ड सिरीज हरले होते, सॅन फ्रान्सिस्कोकडून. बेल्ट्रे २०२४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तो विजेतेपदाशिवाय. मायकल यंग, त्या संघासाठी सर्वांत जास्त हिट्स मारणारा माणूस, त्यालाही ते मिळालं नाही. 'त्यांनी जिंकलेला सामना घालवला' असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय, की फेलिझने काय करायला हवं होतं? त्याच्याकडे तीस सेकंद खाऊन परत यायची मुभा नव्हती. त्याला चेंडू टाकावाच लागणार होता, आणि त्याने टाकला.

मग २०२३. रेंजर्स पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये, अ‍ॅरिझोनाविरुद्ध. पहिला सामना, नववा डाव, रेंजर्स दोन धावांनी मागे. कोरी सीगरने दोन धावांचा होमरन मारून बरोबरी केली आणि अकराव्या डावात अडोलिस गार्सियाच्या होमरनने ते जिंकले. नववा आणि अकरावा! त्याच फटक्याने गार्सियाचे त्या पोस्टसीझनमधले आरबीआय २२ झाले आणि फ्रीझचा विक्रम मोडला. रेंजर्सने ती मालिका ४-१ ने घेतली, त्यांचं पहिलं विजेतेपद. मी कार्डिनल्सची असूनही त्या रात्री मला मनापासून आनंद झाला.

इथे आलेल्या आपल्या अनेक मराठी मंडळींकडून मी ऐकते की बेसबॉल रटाळ आहे, तासन्‌तास काही घडत नाही. त्यांना माझी विनंती आहे. २०११ चा हा सहावा सामना शोधा आणि आठव्या डावापासून बघा. फ्रीझ तर दिसेलच, त्याच्यावर कॅमेरा आहे. नवव्यात बर्कमन चार बॉल कसे सोडतो ते बघा, दहाव्यात लोश बॅट आडवी धरतो ते बघा. आणि बघून झाल्यावर तुम्हाला कुणाचं काम मोठं वाटलं ते खाली लिहा, मला त्यावर वाद घालायला आवडेल.