यंत्र थकत नाही, एवढ्यावर त्याच्यावर विसंबायचे का?

“माणूस थकतो, चिडतो, आपल्या माणसाला झुकते माप देतो, यंत्र यांतले काहीच करत नाही, आणि ते चुकलेच तर लक्ष ठेवायला माणूस असतोच, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर निर्धास्त विसंबावे,” अशा आशयाचा मजकूर सध्या मोबाइलवर सर्वत्र फिरतो आहे. या तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, रोजच्या कामात मीही ते वापरतो. पण हा युक्तिवाद तपासून पाहिला तर टिकत नाही.

यंत्र थकत नाही हे खरे, पण चुकायला थकावेच लागते असे नाही. माझ्या मावशीला थायरॉईडची आणि कॅल्शियमची अशा दोन गोळ्या चालू आहेत. थायरॉईडची गोळी कधी घ्यावी, असे तिने एका चॅटबॉटला मराठीत विचारले, तेव्हा ‘सकाळी उपाशीपोटी’ हे बरोबर उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या तर चालेल का, असे विचारल्यावर तितक्याच ठामपणे ‘चालेल’ असे उत्तर आले. वास्तविक कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी शरीरात नीट शोषली जात नाही, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर ठेवायचे असते. ही चूक पकडली ती औषधाच्या दुकानदाराने, गोळ्या पिशवीत भरता भरता “या दोन्ही कधी घेता, मावशी?” असे विचारून. चॅटबॉट पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, यावरून वाक्य रचत जातो. माहिती पक्की असो वा कच्ची, त्याचा सूर तोच राहतो, आणि आपण भुलतो त्या सुराला.

पक्षपाताचेही तसेच. यंत्राला सगेसोयरे नसतात, पण ते शिकते माणसांनी गोळा केलेल्या माहितीवर. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण ०.८ टक्क्यांच्या वर गेले नाही, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत पोहोचले. आपल्या घरांतल्या बहुतेक स्त्रियांचा वर्ण कोणता, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी आठवून पाहावे.

राहिला देखरेखीचा भरवसा, आणि मला सर्वांत घातक वाटतो तो हाच. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेम्पी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-मोटारीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी ती प्रणालीला दिसली होती. परंतु ठरलेल्या जागेखेरीज कोणी पायी रस्ता ओलांडेल हे तिच्या रचनेत धरलेलेच नव्हते, त्यामुळे प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी अनोळखी वस्तू ठरवत राहिली. देखरेखीसाठी बसवलेल्या चालकाची नजर त्या वेळी मोबाइलवर होती. बहुतेक वेळा बरोबर चालणाऱ्या यंत्रासमोर तासन्‌तास नुसते बसून राहिलेल्या माणसाचे लक्ष उडतेच, हे ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांनी आधीच गृहीत धरायला हवे होते.

आणि चूक झाल्यावर जाब कोणी द्यायचा? एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला, आप्ताच्या निधनानंतरच्या प्रवासासाठी मिळणारी भाडेसवलत नंतरही मागता येते, असे चुकीचे सांगितले होते. प्रवासी दाद मागायला गेला तेव्हा चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असून आपल्या कृतीला तोच जबाबदार आहे, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई कंपनीलाच द्यायला लावली.