मुळीच राहणार नाही, असं ठासून सांगा

परदेशात कायमचं राहायचंय? उत्तम. मग व्हिसाच्या पहिल्या मुलाखतीत तसं चुकूनही बोलू नका. अमेरिकेच्या कायद्यातलं कलम 214(बी) पर्यटकालाही स्थलांतरितच गृहीत धरतं. तसं नाही, हे पटवण्याची जबाबदारी तुमची. तेव्हा खिडकीपलीकडच्या साहेबांना सांगा, 'तुमचा देश छान आहे, पण मला परत जायची घाई आहे.' अर्जात दहशतवादी कारवाया करणार का, असाही प्रश्न असतो. फार विचार करू नका, 'नाही'वर टिचकी मारा. (खरे दहशतवादी इथेच पकडले जातात, अशी सरकारची श्रद्धा असावी.)

युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी 90 युरो भरा. नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. नकार टाइप करायलाही कष्ट पडतातच की.

कागदपत्रांची मात्र हौस हवी. हा छळ कमी व्हावा म्हणून 1961 साली हेगमध्ये करार झाला आणि सदस्य देशांपुरतं साक्षांकनाच्या साखळीऐवजी एकच अपॉस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा दाखला, पुरू लागलं. मग त्या कागदांचं भाषांतर करा, तेही अधिकृत भाषांतरकाराकडून. तोवर पोलिसांचा दाखला जुना होतो. तुम्ही मधल्या काळात गुन्हेगार झाला असाल, अशी शंका येणारच! नवा काढा.

पोहोचलात की घर शोधा. जर्मनीत पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीला घरमालकाचा कागद हवा, घरमालकाला पगाराची स्लिप हवी, पगाराला बँक खातं हवं आणि बँक विचारते, 'पत्ता नोंदवलाय का?' यातून लोक सुटतात कसे, हे विचारू नका. सुटलेलेही नीट सांगू शकत नाहीत.

पुढे इतकी वर्षं 'राहणार नाही' म्हणणाऱ्या तुम्हाला एकदम उलट सिद्ध करावं लागतं. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याच्या बहुतेक मार्गांवर कुठल्याही 12 महिन्यांत 180 दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर अडचण. म्हणून आजारी आईला भेटायला जाताना आधी कॅलेंडर बघा, मग तिकीट. शिवाय तिथला इतिहास पाठ करून 24 प्रश्नांची परीक्षा द्या.

एवढं जमत नसेल, तर सोपा मार्ग आहे: श्रीमंत व्हा. पोर्तुगालच्या गोल्डन व्हिसासाठी, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणाऱ्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, पात्र फंडात 5 लाख युरो गुंतवा आणि वर्षाला सरासरी 7 दिवस तिथे काढा. त्या 7 दिवसांत हॉटेलात राहिलात तरी चालतं.