वृद्धाश्रमाच्या प्रवेश-अर्जात ज्यांना जागा नाही

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीच्या पुढच्या लोकांचे प्रमाण ११.२ टक्के होते. केरळ सोडल्यास एवढे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. मुले आखातात किंवा इंग्लंडमध्ये आणि आईवडील पेडण्याच्या नाहीतर काणकोणच्या घरात, हे आपल्या ओळखीचे आहे. म्हणूनच येथे वृद्धत्वावर संशोधन झाले, आणि चांगले झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे होती. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन साथ दिली, तर स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण हलका होतो, हे त्यातून दिसले.

मात्र वृद्धांचा विचार करताना आपण कुटुंबाची एकच, पती-पत्नीची रचना गृहीत धरतो आणि समलिंगी व पारलिंगी (ट्रान्सजेंडर) वृद्धांना विसरतो, याची मला मनापासून खंत वाटते. ‘लासी’ या वृद्धत्वावरील देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे पती किंवा पत्नी यांचा समावेश होतो. मग जिने तीस वर्षे मैत्रिणीसोबत संसार केला, त्या स्त्रीचे घर अशा पाहणीत कसे उमटणार? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तेव्हा साठीत असलेल्यांचे सारे तारुण्य लपण्यात सरले होते. ही माणसे प्रश्नावली घेऊन आलेल्या अनोळखी विद्यार्थ्यासमोर एका बैठकीत मन मोकळे करणार नाहीत. त्यामुळे पाहणीत कोणी आढळले नाही म्हणून ‘असे वृद्ध आमच्याकडे नाहीत’ असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही.

काळजीचा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो देहापाशी. पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक असे दोनच कक्ष असलेल्या ठिकाणी पारलिंगी वृद्धेने कुठे राहायचे? तिला आंघोळ कोणी घालायची, आणि ती घालणाऱ्या बाईला याचे शिक्षण कोणी दिले आहे? (विधुर आणि विधवा वृद्धांची जवळीकही आपण हसण्यावारी नेतो, हेही तितकेच क्रूर आहे.)

गोव्याच्या नागरी कायद्यात, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर, जोडीदाराचा मालमत्तेत निम्मा वाटा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, म्हणून हे संरक्षण या जोडप्यांपर्यंत पोहोचत नाही.

तरीही एक वाट आजच उपलब्ध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारी व्यक्ती, नेमू शकते, आणि तो नातेवाईकच असावा लागत नाही. क्षेत्रकार्याला जाणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक वृद्धाला ही तरतूद एकांतात, पुतण्या समोर नसताना समजावून सांगावी, आणि वृद्धाश्रमांनी प्रवेशाच्या वेळीच तो कागद फाईलला लावून घ्यावा.